कदंब झपाट्याने वाढतो हे खरं, पण सोसायटीच्या कुंपणाला चालेल का?

ढोकाळीकरीण

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ठाण्यात ढोकाळीला आहे. गेल्या पावसाळ्यात कुंपणालगतचे दोन सोनमोहर मुळासकट आडवे झाले. सुदैवाने कुणाला लागलं नाही, पण पश्चिमेची बाजू उघडी पडली आणि यंदा मे महिन्यात त्या बाजूच्या घरांत दुपारी बसवत नव्हतं. सभेत ठरलंय की पहिला पाऊस पडला की झाडं लावायची. रोपवाटिकेतून सल्ला आला, सरसकट कदंब लावा, देशी आहे, चार-पाच वर्षांत तिसऱ्या मजल्याला सावली येईल. बहुतेकांना हे पटलंय.

मला मात्र आधी झाड समजून घ्यायचंय. सोनमोहर लावले तेव्हा ते झाड कुठलं, किती पसरतं, मुळं कशी धरतं, असं कुणीच विचारलं नव्हतं. पट्टा जेमतेम तीन मीटर रुंद आहे. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला पार्किंगचे पेव्हर ब्लॉक, आणि मधून ड्रेनेजची लाईन. कोपऱ्यात मात्र बऱ्यापैकी मोकळी जागा आहे, गच्चीचं पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा तिथेच आहे.

कदंबाचे सगेसोयरे कोण, तो इतका भराभर कशाच्या जोरावर वाढतो, रानात तो कुठे उगवतो, हे जाणकारांनी सांगावं. त्यावरून आम्ही ठरवू.

हिरवीचिंच

बिनधास्त लावा हो. आमच्या वसंत विहारच्या गल्लीत दोन आहेत. जुलैत फुलतात तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघतात. शिवाय श्रीकृष्णाचं झाड. सुबाभूळ नि गुलमोहर लावण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

रानमाळी

ताई, तुमच्या प्रश्नाचा क्रम मला फार आवडला. आधी गोत्र, मग जागा. मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कदंबाचं आजचं शास्त्रीय नाव निओलामार्किया कदंबा. कुळ रुबिएसी, म्हणजे कॉफीचं कुळ. फुलझाडांमधल्या सगळ्यात मोठ्या कुळांत सूर्यफूल, ऑर्किड आणि शेंगावर्गीय यांच्यानंतर याचाच नंबर लागतो. जाती तेरा हजारांच्या वर. तुमच्या बाल्कनीतला अनंत याच कुळातला, सोसायटीच्या दाराशी कातरून लावलेली एक्झोराची बॉर्डर याच कुळातली. काढ्यात पडणारी मंजिष्ठा, कोकणातली बारतोंडी, रानातला गेळा, पांढऱ्या पानांसारख्या दलांनी लांबूनच ओळखू येणारा भुतकेस, आणि हिवतापावर ज्याच्या सालीतून क्विनीन काढलं तो सिंकोना, हे सगळे एका कुळाचे.

कुळाच्या आत शाखा आहेत. कॉफी, अनंत, एक्झोरा एका शाखेवर. मंजिष्ठा आणि बारतोंडी दुसऱ्या. कदंब तिसऱ्या शाखेवर, सिंकोनाच्या. म्हणजे कॉफीपेक्षा कदंबाला सिंकोना जवळचा.

कुळ ओळखायची खूण अगदी सोपी. पानं समोरासमोर, कड सरळ, दात नाहीत. मग देठांच्या मधली जागा बघा. दोन समोरासमोरच्या देठांच्या मध्ये, खोडाला चिकटून, एक छोटं त्रिकोणी उपपर्ण असतं. कदंबाचं लवकर गळतं, म्हणून शेंड्याजवळच्या कोवळ्या पेरावर शोधा. एक्झोराच्या फांदीवर ही खूण कायम दिसते, मुलांना तिथे दाखवा.

फुलाबद्दल एक सांगायलाच हवं. आपण ज्याला कदंबाचं फूल म्हणतो ते एक फूल नव्हे. टाचण्या टोचलेल्या चेंडूसारखा जो गोळा दिसतो, तो शेकडो बारीक केशरी फुलांचा गुच्छ आहे आणि बाहेर आलेल्या पांढऱ्या टाचण्या म्हणजे एकेका फुलाच्या स्त्रीकेसराचं टोक. फळाचंही तसंच, तो अख्खा गोळाच मांसल होऊन पिकतो.

श्री_खारघर

रानमाळी सर, माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात अँथोसेफॅलस कदंबा असं नाव दिलंय. रोपवाटिकेच्या पाट्यांवरही तेच. हे वेगळं झाड आहे का?

रानमाळी

झाड तेच. १८२४ साली छापलेल्या, रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथात ते नॉक्लिया कदंबा म्हणून आलं. पुढे ते अँथोसेफॅलसमध्ये गेलं आणि जगभरच्या वनखात्यांनी तेच नाव दीडशे वर्षं वापरलं. गोम अशी की अँथोसेफॅलस ही प्रजाती (शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा असतो) ज्या नमुन्यावर उभी होती, तो लामार्क या जुन्या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्णन केलेला नमुना मादागास्करच्या एका वेगळ्याच झाडाचा निघाला. तेव्हा १९८४च्या सुमारास बॉसर या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या कदंबासाठी निओलामार्किया ही नवी प्रजाती केली, लामार्कच्याच स्मरणार्थ. जुनी पुस्तकं टाकू नका, फक्त समासात नवं नाव लिहून ठेवा.

येऊरपाखरू

रोपं घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. कदंब म्हणून कळंब किंवा हेदूची रोपं मिळतात आणि उलटही होतं. तिघे एकाच कुळातले, इतकंच नाही तर कुळातल्या एकाच छोट्या गटातले अगदी जवळचे भाऊ आहेत. तिघांनाही गोल गोळ्याची फुलं. येऊरच्या जंगलात हेदू आणि कळंब दोन्ही आहेत.

कदंबाचं पान मोठं, लांबट आणि चकचकीत. कोवळ्या झाडाचं पान तर हातभर लांब होतं. फुलाचा गोळा फांदीच्या टोकाला एकटा, केशरी, चार-पाच सेंटिमीटरचा. हेदूचं पान गोलसर, देठाशी हृदयाच्या आकाराचं, हाताला मऊ लागतं. गोळे लहान, पिवळे. उन्हाळ्यात हेदू पूर्ण निष्पर्ण होतो. कळंबाचं पान दोघांपेक्षा लहान, गोळे पांढरट पिवळे, आणि शेंड्याची कळी दोन मोठ्या उपपर्णांत मिटलेली असते. ही शेवटची खूण रोपावरही दिसते, त्यामुळे रोपवाटिकेत उभ्या उभ्या ओळखता येतं.

हिरवीचिंच, श्रीकृष्णाच्या झाडाबद्दल. व्रजाच्या कोरड्या मुलखात आपसूक उगवणारा बहुतेक कळंबच आहे. मोठ्या केशरी गोळ्याच्या कदंबाला त्याहून कितीतरी जास्त ओल लागते. श्रद्धेला यात काही बाधा येत नाही. पण आपण खड्डा खणतोय तेव्हा कुठल्या भावाला किती पाणी लागतं ते माहीत असावं.

खाडीकाठ

हाच मुद्दा मला लिहायचा होता. मी सानपाड्याला राहतो. नवी मुंबईत सिडकोने वसवलेल्या पट्ट्यात खाडीकडची बरीच जमीन खाजणावर आणि मिठागरांवर मुरूम टाकून केलेली आहे. वर हातभर लाल माती, खाली मुरूम, त्याखाली चिकट खारट गाळ. अशा जागी कुठलंही झाड पहिली दोन-तीन वर्षं जोमात दिसतं, मुळं खारट थरापर्यंत गेली की शेंडा वाळायला लागतो.

कदंब नदीकाठचा आहे. गोड्या पाण्याचा गाळ, दमट हवा, भरपूर ऊन. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कदंबाला तेवढा पुरे. पण तो सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमिनीत ओल कुठून येणार, हा खरा प्रश्न. तुमच्या पट्ट्यात नाही येणार. खड्ड्याजवळच्या कोपऱ्यात कदाचित येईल.

खाडीलगत राहणारं कुणी हा धागा वाचत असेल तर त्यांनी करंज, उंडी, भेंड यांचा विचार करावा. तिघेही खारी हवा आणि खारी जमीन सोसतात.

हिरवीचिंच

सगळे कदंबाच्या मागे लागलेत असं वाटायला लागलंय! पश्चिमेच्या भिंती तापल्यात, लहान मुलं नि म्हातारी माणसं त्या घरांत आहेत. हेदू वाढायला पंधरा-वीस वर्षं लागतील. वेगाने वाढणं हा गुण नाही का?

रानमाळी

गुणच आहे, आणि त्याची बाजू मीही घेईन.

रानात मोठं झाड पडलं, दरड कोसळली, नदीने काठ बदलला, की उघडी जमीन आणि ऊन मोकळं होतं. तिथे सगळ्यात आधी पोचणारी काही झाडं असतात, त्यातलाच कदंब. पहिली सहा-आठ वर्षं चांगल्या जागी तो वर्षाला दोन-तीन मीटर उंच होतो. चार-पाच वर्षांत फुलायला लागतो. एका फळात हजारो बिया, आणि बी इतकं बारीक की एका किलोत कोटींच्या घरात भरतात. वटवाघळं फळं खातात आणि बिया लांबवर टाकतात. त्यातली जी उघड्या, ओल्या गाळावर पडतात तेवढीच रुजतात, सावलीत पडलेली वाया जातात. सावलीत तग धरणं त्याच्या स्वभावात नाही. तो आडव्या फांद्यांचा मांडव घालतो, खाली गारवा होतो, आणि त्या गारव्यात सावकाश वाढणारी झाडं डोकं वर काढतात. जंगल पुन्हा उभं राहायचं तर अशा झाडाची गरजच असते.

वेगाची किंमत तो लाकडात मोजतो. वर्षाला तीन मीटर वाढायचं तर पेशी मोठ्या, भिंती पातळ आणि आत हवा जास्त. कोळशाच्या खाणीवर, उजाड टेकडीवर, नदीकाठी, दहा झाडांत एक म्हणून कदंब लावा, मी स्वतः रोपं आणून देईन. पण तीन मीटरच्या फटीत ओळीने नुसते कदंब लावणं म्हणजे पहिल्या फळीला शेवटच्या फळीचं काम सांगणं.

कळव्याचा_सुतार

लाकडाचं मी सांगतो, आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. कदंबाचं लाकूड पांढुरकं, मऊ, गाभा वेगळा दिसत नाही. खिळा सहज जातो, रंधा छान फिरतो. प्लायवूडच्या आतल्या थरांना, खोक्यांना, आगपेटीला, कागदाच्या लगद्याला ते चालतं. वाळलेल्या सागाचा घन मीटर साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो. कदंब तीनशेपासून साडेपाचशेपर्यंत, झाड कसं वाढलं त्यावर. ओलीत पडून राहिलं तर लवकर कुजतं.

मोडलेल्या फांद्या बघितल्यात मी. जून-जुलैच्या वाऱ्यात पानं भिजून जड झालेली असतात, फांदी आडवी, टोकाला सगळा भार. खाली गाड्या असतील तर दरवर्षी पावसाआधी फांद्या हलक्या कराव्या लागतील.

हेदूचं लाकूड याच्या उलट. पिवळसर, घट्ट, गुळगुळीत. जुन्या काळी फण्या, पट्ट्या, कातीव काम हेदूत व्हायचं.

श्री_खारघर

फांद्या हलक्या करायच्या तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते हे विसरू नका. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, खासगी सोसायटीच्या आवारालाही तो लागू आहे. झाड लावताना हे डोक्यात ठेवलं तर पुढची वीस वर्षं सोपी जातात.

आता माझा एक प्रश्न. आमच्याकडच्या टेकड्यांवर उंदीरमारी आणि सुबाभूळ भरपूर आहे. तीही वेगाने वाढतात. मग कदंब त्यांच्याच पंगतीतला झाला का?

रानमाळी

नाही, आणि हे वेगळं करून सांगायलाच हवं. सुबाभूळ आणि उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, दोन्ही शेंगावर्गीय, दोन्ही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून आलेली. मुळांवरच्या गाठींमध्ये जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र धरून देतात. म्हणून उघड्या मुरमाडावरही ती तगतात. सुबाभळीचं बी तर इतकं पडतं आणि रुजतं की जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. कदंबाला तसल्या गाठी नाहीत. त्याला माती आणि पाणी लागतं, आणि ते नसेल तर तो खुरटतो. तो इथलाच आहे, पश्चिम घाटापासून आग्नेय आशियापर्यंत त्याचं घर.

गंमत बघा, आपल्या रस्त्यांवर वेगाने वाढणारी म्हणून लावलेली बहुतेक झाडं शेंगावर्गीयच आहेत. पर्जन्यवृक्ष अमेरिकेतून, गुलमोहर मादागास्करहून, सोनमोहर आग्नेय आशियातून. एकाच कुळाची इतकी गर्दी झाली की एखादी कीड आली तर एकदम सगळ्यांना धोका. मुंबई-ठाण्याच्या पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकणाने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या गर्दीत कॉफी कुळाचं एखादं झाड आलं तर चांगलंच. फक्त सगळ्यांनी मिळून आता कदंबाचीच गर्दी करू नये. सप्तपर्णीचं तेच झालं. तीही भराभर वाढते म्हणून दिसेल तिथे लावली आणि हिवाळ्याच्या तोंडावर फुलते तेव्हा तिच्या उग्र वासाने लोक हैराण. तिचं कुळ कण्हेरी-चाफ्याचं, पण गण, म्हणजे कुळांच्या वरचा मोठा गट, कदंबाचाच, म्हणजे दूरची चुलत बहीण. पान तोडून बघा, सप्तपर्णीला चीक येतो, कदंबाला नाही.

येऊरपाखरू

सरांच्या म्हणण्याला जोडून, त्या एका झाडावर काय काय येतं तेही बघा. कमांडर नावाचं तपकिरी-तांबूस फुलपाखरू, पंखांवर पांढरा पट्टा, कदंब, कळंब आणि भुतकेसावर अंडी घालतं. त्याची अळी पान दोन्ही बाजूंनी खाते आणि मधली शीर तेवढी शिल्लक ठेवते, शिरेला विष्ठेचे नि पानाचे सुके तुकडे लटकवते आणि त्यातच लपते. आईवडिलांनी मुलांना घेऊन शोधावं इतकं छान लपलेलं असतं.

पानं गुंडाळून आत राहणाऱ्या एका पतंगाच्या अळ्याही येतात. काही वर्षी त्या झाडाची चाळण करतात. कृपा करून औषध फवारू नका. झाड पुन्हा पालवतं, आणि तोवर शिंपी, दयाळ यांची चंगळ असते. भरपूर कदंब एका ओळीत असले तर मात्र ती अळी एकावरून दुसऱ्यावर जाते आणि सगळी रांग उघडी पडते. लागवडीत हेच होतं.

पानाफुलात

कदंबाची रोपं बीपासून कशी करतात? मी ऐरोलीला राहते. पडलेलं फळ आणून मातीत पुरलं, काहीच आलं नाही.

रानमाळी

बी पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. पिकून पडलेलं फळ पाण्यात दोन-चार दिवस कुजू द्यायचं, हाताने कुस्करून बारीक चाळणीतून गाळायचं. गाळ सावलीत वाळवला की तपकिरी भुकटी मिळते, तेच बी. ते बारीक वाळूत मिसळून ओल्या, चाळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही. झारीने पाणी घातलंत तर बी वाहून जाईल. ट्रे परातीत ठेवून खालून पाणी द्या, वर काच किंवा पातळ प्लास्टिक. दोन-तीन आठवड्यांत हिरवा थर दिसेल. तेव्हा काच काढायचीच, नाहीतर दमटपणाने रोपं मुळाशी कुजतात. सगळ्यात जास्त रोपं याच टप्प्यावर मरतात. चार पानांवर आली की पिशवीत हलवा, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत जमिनीत लावू नका.

ढोकाळीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा अख्खा धागा मी समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला. हिरवीचिंच, तुमचा उन्हाचा मुद्दाही वाचला, कारण आमच्याकडेही तोच सगळ्यात जास्त बोलला गेला.

ठरलं ते असं. पाणी मुरवायच्या खड्ड्याजवळ एकच कदंब, भिंतीपासून सहा मीटर आत. बाकी पट्ट्यात भेंड, तामण आणि बहावा आलटूनपालटून, कारण हे आवाक्यात राहतात. पेव्हर ब्लॉक प्रत्येक खोडाभोवती मीटरभर उचलायचे, त्याला पार्किंगवाल्यांनी होकार दिलाय. मागच्या अंगाला, जिथे पूर्वी पाण्याची टाकी होती, तिथे एक हेदू. पश्चिमेच्या घरांसाठी यंदा आणि पुढची दोन वर्षं गच्चीवरून जाळी सोडून त्यावर कृष्णकमळ आणि गारवेल चढवणार, तोवर झाडं हाताशी येतील.

एक शंका राहिली. कदंबाच्या खड्ड्यात पाणी मुरतं, पण जोराच्या पावसात तिथे दिवसभर साचूनही राहतं. मुळं कुजतील का?

खाडीकाठ

दिवसभर साचून मग ओसरत असेल तर चालेल, काठाच्या झाडाला पुराची सवय असते. आठवडाभर तुंबून राहत असेल तर नको. लावण्याआधी खड्डा खणून त्यात बादल्यांनी पाणी भरून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेलं असेल तर पुढे जा. आणि रोप फार उंच घेऊ नका, कमरेएवढं पुरे. पिशवीत मूळ वेटोळं झालेलं उंच रोप पुढे वाऱ्यात सगळ्यात आधी कलतं.

कळव्याचा_सुतार

आधाराला बांबू दोन लावा, एक नको, आणि सुतळी सैल बांधा. हेदूचं रोप कुठे मिळेना तर सांगा, आमच्या गावाकडे शहापूरच्या बाजूला झाडाखाली उगवलेली असतात, जूनअखेर जाणार आहे तेव्हा दोन-तीन आणतो.

ढोकाळीकरीण

दादा, नक्की आणा. दोन पुरेत, एक आमच्याकडे आणि एक हिरवीचिंच ताईंच्या गल्लीत.

हिरवीचिंच

चालेल. खड्डा मी खणून ठेवते.